बाराला ठेवली, चारला सापडली

ऑक्टोबरातल्या एका दुपारी कॉटमध्ये डोकावले आणि पोटात गोळाच आला. माझी नात चिऊ पालथी झोपली होती. गुडघे पोटाशी ओढलेले, ढुंगण वर, दोन्ही हात अंगाखाली, एक गाल गादीला टेकलेला आणि टाळू कॉटच्या गजांना भिडलेली. अर्ध्या तासापूर्वी मी तिला उताणी ठेवली होती, डोकं खिडकीकडे करून. आता डोकं दाराकडे होतं. माझा हात आपसूक तिच्या नाकाशी गेला. कोमट श्वास बोटांना लागला, तेव्हा माझाही सुटला.

नाकाशी हात धरायची ही सवय मला आईकडून आली. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा असताना रात्री दूध पिऊन झोपला आणि सकाळी उठलाच नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी आणखी काही. आई त्याबद्दल फारसं बोलायची नाही. पण माझी मुलं तान्ही होती तेव्हा ती रात्रीतून दोनदा उठायची, पालथ्या हाताची बोटं बाळाच्या नाकापुढे धरायची आणि तशीच उभी राहायची. मी जागी असले तरी डोळे मिटून पडून राहायची. तिला काय विचारणार?

चिऊ मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. लेक-जावई आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात, प्रतापनगरला. दोघंही नोकरीवाले. मी शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे लेकीची बाळंतपणाची रजा संपली की दिवसभर चिऊ माझ्याकडे राहणार, हे आधीपासूनच ठरलेलं. तिला झोपवण्याचा हा सगळा अनुभव लिहून ठेवतेय, कारण दोन मुलं वाढवूनही यातल्या बऱ्याच गोष्टी मला नव्याने शिकाव्या लागल्या.

सुरुवात पाळण्यापासून झाली. बाळंतपणाआधीच मी माळ्यावरचा सागवानी पाळणा खाली काढला. मी त्यात वाढले, माझी दोन्ही मुलं वाढली. पितळी कड्या चिंचेने घासून लख्ख केल्या. लेकीने मोजपट्टी आणली आणि गजांमधलं अंतर मोजलं. नऊ सेंटिमीटर.

"आई, सहापेक्षा जास्त नको गं. बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं."

मला वाईट वाटलं. पण मोजपट्टीशी वाद घालता येत नाही, आणि जन्मभर मुलांना मी मोजायलाच शिकवलं. पाळणा बारशापुरता ठेवायचं ठरलं. बाराव्या दिवशी बायकांनी त्याच पाळण्यात गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, नाव ठेवलं, आणि संध्याकाळी तो पुन्हा माळ्यावर गेला. झोपायला बर्डीच्या बाजारातून साधी, चार बाजूंनी गज असलेली लाकडी कॉट आणली. गादीच्या दुकानात मी आपली मऊ गादी शोधत होते. लेक मात्र तळहात दाबून उचलायची आणि खड्डा राहतो का ते बघायची. जी गादी लगेच वर आली ती घेतली. गादी आणि गज यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, हेही दुकानातच बघून घेतलं. चादर घट्ट बसणारी. उशी नाही, लोड नाही, खेळणं नाही. ती रिकामी कॉट पाहून मला पहिले काही दिवस काही तरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

तेल लावायला येणाऱ्या बाईंनाही तसंच वाटलं. चाळीस वर्षं त्या नागपुरातली लेकरं न्हाऊ घालताहेत, हाताला जादू आहे त्यांच्या.

"काहून वो बाई, पोरीले राईची उशी नाई देत काय? डोस्कं चपटं होईन ना!"

राईची उशी मी शिवून ठेवलेलीच होती, जुन्या मऊ धोतराच्या कापडाची. ती घेऊनच आम्ही धंतोलीत बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी उशी हातात घेऊन पाहिली, शिवण छान आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवली. बाळाची कवटी अजून जुळायची असते. एकाच बाजूला टेकून राहिली तर तिथे थोडी चपटी होते, पण मान धरू लागलं, बसू लागलं की बहुतेकांचं डोकं आपोआप भरून येतं. त्यासाठी उशी नको. बाळ जागं असताना पोटावर खेळवा आणि झोपवताना डोक्याची दिशा बदलत राहा. बाळ उजेडाकडे किंवा माणसांच्या आवाजाकडे मान वळवतं, रोज एकाच बाजूला ठेवलं तर रोज एकाच गालावर झोपतं. तेव्हापासून आमचं ठरलं: सम तारखेला डोकं खिडकीकडे, विषम तारखेला दाराकडे.

बाईंची दुसरी शंका जास्त खरी होती आणि ती माझीही होती. उताणं ठेवलं आणि दूध ओकलं, तर घशात अडकणार नाही का? आम्ही मुलांना दूध पाजून कुशीवर ठेवायचो, मागे दुपट्याची गुंडाळी लावून. डॉक्टर म्हणाले, उलट आहे. मग घरी येऊन मी बाईंना पाटीवर आकृतीच काढून दाखवली. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. बाळ तो घोट गिळतं किंवा बाहेर टाकतं. पालथं असलं की हेच उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. कुशीवर ठेवलेलं बाळ तर थोड्याशा हालचालीने पालथं कलंडतं, आणि मागची गुंडाळी तोंडाशी यायला वेळ लागत नाही. बाईंनी आकृती नीट पाहिली. "असं हाय होय," म्हणाल्या. नंतर दुसऱ्या एका घरी त्यांनीच हे समजावून सांगितलं, असं कानावर आलं. मला त्याचा फार आनंद झाला.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते ऐकताना मला आई आठवली. अमेरिकेत अनेक वर्षं बाळांना पालथं झोपवायची पद्धत होती. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोठी मोहीम चालली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. नुसतं पाठीवर ठेवून. ना औषध, ना यंत्र. आमच्या वाड्यात त्या सकाळी जे घडलं त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि हे ऐकायला आई आता नाही.

पहिले दोन महिने चिऊ झोपायची कशी, तर बेडकासारखी. पाय गुडघ्यात वाकवून दोन्हीकडे पसरलेले, हात डोक्याच्या वर, मुठी मिटलेल्या. मी ते हात खाली करून ठेवायची, पाय सरळ करायची. दोन मिनिटांत पुन्हा जैसे थे. पोटात नऊ महिने पाय दुमडून राहिलेलं लेकरू, त्याला सरळ पाय म्हणजेच अवघड. शिवाय कमरेच्या सांध्यांना ती बेडूकठेवणच चांगली असते. आपल्याकडे पाय ताणून, सरळ करून दुपट्यात घट्ट गुंडाळतात, ते त्या सांध्यांना बरं नाही. आम्ही हात आवळायचो आणि कमरेखाली दुपटं सैल ठेवायचो, म्हणजे पाय हवे तसे वाकवता येतील.

दुपटं लागायचंच, कारण ती फार दचकायची. कुणी दार लावलं, कुकरची शिट्टी झाली, की दोन्ही हात फाकवून हवेत काहीतरी धरायला जाते आणि स्वतःच्याच हातांनी जागी होते. हे दचकणं प्रत्येक बाळात असतं आणि चार ते सहा महिन्यांत जातं. बाईंचा सल्ला होता, "झोळीत टाका, दचकणार नाई." साडीची झोळी मीही माझ्या मुलांना बांधली आहे आणि त्यात मूल पटकन झोपतं हे खरंच आहे. पण तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. झोळीच्या खोलगट पोटात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट मुडपते. म्हणून चिऊला झोळी नाही. दुपटं, आणि छातीवर माझा हात.

झोपेत ती हसायची सुद्धा. आमच्याकडे म्हणतात सटवाई हसवते, सटवाई रडवते. माझी आई तर बाळ झोपेत हसलं की सगळ्यांना हाक मारून दाखवायची. मीही तसंच केलं. मात्र झोपेत कुंथली, कण्हली, ओठ काढले की मी झटकन उचलून घ्यायची, आणि मग ती खरंच रडायची. लेकीने एकदा माझा हात धरला. "आई, थांब. डोळे बघ तिचे." पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. ती जागी नव्हतीच. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप अशी चळवळी असते. हात हलतात, तोंड वाकडं होतं, आवाज निघतात. तासाभराच्या आत एक फेरा पूर्ण होतो, मध्ये जराशी जाग आल्यासारखी होते आणि बाळ पुन्हा आत बुडतं. मी नेमकी त्याच क्षणी तिला उचलत होते. त्यानंतर मी घड्याळाकडे बघून दीड मिनिट थांबायला लागले. ते दीड मिनिट फार लांब असतं. पण दहातून सहा-सात वेळा ती आपली आपण शांत व्हायची.

मे महिना आला. नागपूरचा मे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, आणि रात्री सुद्धा भिंती गरम. लेकीने वाचलेल्या परदेशी माहितीत बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवा असं होतं. आमच्याकडे पहाटे तीनला ३० असायचं. मग आम्ही आमच्या परीने केलं. कुलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या, कॉट झोतातून काढून आडव्या भिंतीला लावली, समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणजे दमट होणार नाही. दुपटं बंद, अंगात फक्त मलमलचं बिनबाह्यांचं झबलं. तिला उकडतंय की गार लागतंय हे हातापायांवरून ओळखायचं नाही, ते बाळाचे गारच असतात. मानेमागे बोटं घालून बघायचं. मान घामट असेल तर उकडतंय.

याच दिवसांत माझ्याकडून एक चूक झाली. दुपारचे अडीच. लेक खाली जेवत होती. चिऊ रडून रडून दमली होती, मी तिला छातीवर घेऊन सोफ्यावर बसले. कुलरचा एकसुरी आवाज, रात्रीची अपुरी झोप, आणि माझा डोळा लागला. किती वेळ ते ठाऊक नाही. जाग आली ती छाती हलकी झाल्यामुळे. चिऊ घसरून माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या बेचक्यात गेली होती, तोंड सोफ्याच्या कापडाकडे. तिच्या कानामागे घामाचा थेंब होता, तो मला अजून दिसतो. मी तिला उचललं, तिने डोळे उघडले, जांभई दिली. काही झालेलं नव्हतं. माझे हात मात्र पुढे तासभर कापत होते.

संध्याकाळी मी लेकीला सगळं सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "आई, सोफ्यावर झोप लागणं सगळ्यात धोक्याचं, पलंगापेक्षाही. तुला झोप येत असेल तर तिला रडत का होईना, कॉटमध्ये ठेव." आपल्या घरांमधून बाळ आईच्या कुशीतच झोपतं, मीही दोघांना तसंच वाढवलं. म्हणून कॉट आईबापाच्याच खोलीत, पलंगाला लागून ठेवली. हात लांबवला की बाळ हाताशी, पण त्याची जागा वेगळी. निदान सहा महिने तरी एकाच खोलीत असावं असं डॉक्टरही म्हणाले होते.

कॉटमध्ये ठेवायला मात्र मला शिकावं लागलं. मी आधी तिला पूर्ण झोपवून, मग डोकं आधी टेकवायची. डोकं टेकलं की डोळे उघडलेच. लेकीने सांगितलं, आधी बूड, मग पाठ, शेवटी डोकं. आणि दोन्ही हात लगेच काढायचे नाहीत. एक हात छातीवर, जराशा भाराने, आणि तोंडाने नुसतं लांब "हं... हं..." श्वास हळूहळू लांबतो. मग हाताचा भार कमी करायचा, पण हात तिथेच. शेवटी हात उचलायचा. पापण्या जड झाल्या आहेत पण डोळे मिटलेले नाहीत, अशा वेळी ठेवलं तर तिला कळतं की आपण कुठे आहोत. मग मध्यरात्री जाग आली तरी दचकत नाही. हे जमायला आम्हाला पाच आठवडे लागले. काही दिवस अजिबात जमायचं नाही, तेव्हा सरळ मांडीवर घ्यायची. त्यात काही बिघडलं असं मला वाटत नाही.

जूनच्या शेवटी, पहिला पाऊस पडून गेला होता, चिऊ सतरंजीवर पालथी पडली. आजोबांनी पेढे आणले. मला आनंद झाला आणि त्याच मिनिटाला भीतीही वाटली, कारण पालथी पडायला येतं आणि परत उलटायला येत नाही, असे ते दिवस. दुपटं त्याच दिवशी कायमचं बंद केलं. हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला मान उचलायला हाताचा आधारच राहत नाही. पुढचे तीन आठवडे लेक-जावई आणि मी आळीपाळीने जागलो. ती पालथी झाली की उताणी करायची, पुन्हा झाली की पुन्हा. एका रात्री अकरा वेळा. दिवसा मी तिला जमिनीवर परत उलटायला शिकवायची: एका बाजूला खुळखुळा हलवायचा, तिने मान वळवली की खांद्याला अगदी हलका धक्का. जागेपणी पोटावर असण्याचा वेळ आम्ही रोज दोन-दोन, तीन-तीन मिनिटांपासून वाढवत नेला होता, अर्धा तास व्हायचा एव्हाना. मान-खांदे त्यानेच घट्ट झाले. जुलैच्या मधल्या एका सकाळी ती दोन्हीकडे वळली. डॉक्टर म्हणाले, आता ठेवताना उताणीच ठेवा, पण झोपेत ती आपण होऊन वळली तर वळू द्या. ज्या बाळाला दोन्हीकडे वळता येतं, त्याला तोंड मोकळं करून घेता येतं. कॉट मात्र तशीच रिकामी हवी.

म्हणजे आमचं काम तिला ठेवण्यापर्यंत, आणि जागा मोकळी राखण्यापर्यंत. पुढची कूस तिची. हे डोक्याला पटलं. हाताला पटायला ऑक्टोबर उजाडला.

मी शिक्षिका, मला वही लागते. प्रत्येक झोपेला एक वर्तुळ काढायचं, म्हणजे घड्याळ. खिडकीकडे बारा, दाराकडे सहा. ठेवताना डोकं जिथे तिथे काळी फुली, उठताना जिथे तिथे लाल. पहिल्या महिन्यांत दोन्ही फुल्या एकावर एक. जुलैत लाल फुली एकवर, दोनवर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, ती सहा महिन्यांची झाली त्या सुमारास, बाराला ठेवली ती चारला सापडली. त्या दिवशी गल्लीभर पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरत होती, तिकडे महालात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली होती, आमच्या दारावर आठ-दहा वेळा थापा पडल्या. पण ही आडवी होऊन, पाय गजांना लावून, दीड तास झोपली. मार्चमध्ये कुकरच्या शिट्टीला दचकणारी हीच ती पोरगी.

वहीत तिच्या तऱ्हा आहेत. डोकं कोपऱ्यात रुतवून झोपते. कशाला तरी टाळू टेकलेली असली की तिला बरं वाटतं, पोटात होती तेव्हा टेकलेलीच होती ना. एक पाय गजावर टाकते, आजोबा आरामखुर्चीत टाकतात तसा. नऊ महिन्यांची असताना एकदा बसल्या बसल्या झोपली, कपाळ स्वतःच्याच पायांवर. मी हळूच आडवी केली, जागी झाली नाही. आणि ते ढुंगण वर करून झोपणं. गुडघ्यांवर यायला लागलेली मुलं हमखास तसं झोपतात, दिवसभर रांगायची जी धडपड चालते ती झोपेतही सुटत नाही. ऑक्टोबरातल्या त्या दुपारनंतर मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, श्वास सहज चालला आहे, रंग चांगला आहे, उठल्यावर नीट खेळते, तर कुठल्याही आकारात झोपू द्या. रोज मान मागे फेकून, तोंड उघडं टाकून, घोरत झोपत असेल किंवा श्वास घेताना छातीत खड्डे पडत असतील तर दाखवायला या. जागेपणी मान ताठ, ताप आणि किरकिर असेल तर मग रात्र असली तरी थांबायचं नाही. चिऊची मान सप्टेंबरात चार दिवस मागे जायची, तेव्हा तिला सर्दी होती. सर्दी गेली, मान सरळ झाली.

नोव्हेंबरात तिचा पाय मांडीपर्यंत दोन गजांमधून बाहेर गेला आणि गुडघा वाकल्यामुळे परत येईना. रात्री दोनला तिची किंकाळी ऐकून आम्ही तिघंही धावलो. जावयांनी गज वाकवायला हात घातला, लेक पाय ओढायला गेली. मी खोबरेल तेल आणलं, तिचं अंग गजाच्या जवळ सरकवलं म्हणजे ओढ सैल पडते, गुडघा सरळ केला आणि पाय आपसूक निघाला. लाल वळ उठला होता, सकाळपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मला भेट आलेली ती मऊ कापडी झालर आठवली, कॉटच्या गजांना आतून बांधायची. लेकीने नको म्हटलं. त्या झालरीत नाक खुपसलं गेलं तर श्वास कोंडतो. अमेरिकेत २०२२ मध्ये तशा फुगीर झालरींच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी आली. पायावर वळ उठेल, तो जातो. झालर मी धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीला आतून लावली आहे.

त्यानंतर उभं राहणं आलं. गज धरून उभी राहायची आणि बसता येत नाही म्हणून रडायची. गादी सगळ्यात खालच्या पातळीवर नेली, आणि दिवसा खाटेच्या कडेला तिला उभी करून खाली ठेवलेल्या चेंडूकडे वाकायला शिकवलं. आठवड्यात बसायला लागली.

डिसेंबरात थंडी पडली. पहाटे पारा दहाच्या खाली, आणि मी पेटीतून आईच्या साड्यांची वाकळ काढली. नऊवारी साड्या, वर मी स्वतः घातलेले धावदोरे. नातीसाठीच शिवली होती ती. पण सुटं पांघरूण कॉटमध्ये एक वर्षाची होईपर्यंत नको, हे आता मलाच ठाऊक होतं, कुणी सांगावं लागलं नाही. तिला बिनबाह्यांची, पायाशी बंद असलेली झोपेची पिशवी घातली, आत लोकरीचा एक सदरा. आपल्याला जेवढं लागतं त्यापेक्षा एक थर जास्त, बस. टोपी झोपताना काढायची. पिशवीमुळे गजातून पाय जाणंही थांबलं. वाकळ सतरंजीवर अंथरली. चिऊ दिवसा त्यावर रांगते, एका हिरव्या काठावर तिचा विशेष जीव आहे, तोच तोंडात घालते.

आता ती अकरा महिन्यांची आहे. रात्री नऊ ते सहा, मध्ये एकदा दूध, दुपारी दोन झोपा. वहीत बेरीज केली तर साडेतेरा-चौदा तास भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने या वयाला १२ ते १६ तास म्हटलं आहे, त्यात बसते. ठेवताना अजून उताणीच ठेवतो. हात काढायच्या आत ती वळते, गुडघे ओढून घेते, अंगठा शोधते. मी कॉटपाशी थांबते. नाकाशी हात नेत नाही आता. ढुंगण वर असलं की पाठ वरखाली होताना दारातूनही दिसते.

विहीणबाईंच्या धाकट्या लेकीला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. परवा तिचा अमरावतीहून फोन आला होता, कॉट आम्हाला देता का म्हणून. देऊ म्हटलं, गादी मात्र नवीन घ्या. बारशाला पाळणाही नेईन, तो मी परत आणीन. वहीची तिने अजून विचारणा केलेली नाही, पण मी तिच्यासाठी कोरी एक आणून ठेवली आहे, पहिल्या पानावर घड्याळ काढून.